मागच्या खोलीतला राउटर

बायकोचा पलंग मागच्या खोलीत हलवला, त्याच दिवशी दुपारी चार वाजता लाइनमनला कळलं की तिथे वाय-फाय पोचत नाही.

हॉलमधून तो फोन घेऊन निघाला तेव्हा पडद्यावर लेक हसत होती. मधल्या खोलीत तिच्या चेहऱ्याचे चौकोन झाले, स्वयंपाकघरात तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, आणि मागच्या खोलीच्या दारात पोचेपर्यंत तिच्या जागी एक पांढरं चाक गोल गोल फिरायला लागलं होतं.

"चिमी कुठंय?" बायकोने पलंगावरून विचारलं.

"येतेय," लाइनमन म्हणाला. "स्वयंपाकघरापर्यंत आली होती."

तो निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी गल्ली त्याला लाइनमनच म्हणायची. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं खांबावर चढण्यात गेली. त्या काळात त्याने घर बांधलं, पण एकदम नाही. आधी एक खोली. मग पगार वाढला तशी तिच्यामागे दुसरी, चिमी झाली तेव्हा तिसरी, आणि बायकोने शिवणकाम सुरू केलं तेव्हा सगळ्यात मागे चौथी. काड्यापेट्या एकीला एक चिकटवून ठेवाव्यात तसं ते घर लांबच लांब झालं होतं. आतली प्रत्येक भिंत कधी ना कधी बाहेरची भिंत होती. ऊनपावसाला तोंड द्यायला बांधलेल्या त्या जाडजूड भिंती आता वाय-फायला तोंड देत होत्या, आणि तितक्याच इमानाने.

आठवड्यापूर्वी डॉक्टरांनी बायकोला घरी न्यायला सांगितलं होतं. "आता त्यांना आवडेल तसं करा," असं ते म्हणाले, आणि म्हणताना फाईल बंद केली. बायकोला आवडेल ते एवढंच होतं, की पलंग शिवणाच्या खोलीत लावावा. "तिथे उजेड चांगला आहे," ती म्हणाली. मग पलंग तिथे गेला. शिलाई मशीन भिंतीला सरकवलं. मशीनजवळचा उंच आरसा, ज्यात गिऱ्हाइकं कपडे अंगाला लावून बघायची, तो मात्र तिने बाहेर काढायला लावला. "पडेल अंगावर," म्हणाली.

चिमी दूरदेशी एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे कायमचं राहायला मिळावं म्हणून तिने सहा वर्षं खपून कागद जमवले होते, आणि ते आता कुठल्याशा कचेरीत शेवटच्या शिक्क्यासाठी पडून होते. शिक्का बसायच्या आत तिने तो देश सोडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे ती रोज चारला, प्रयोगशाळेत जाण्याआधीच्या एकाच मोकळ्या तासात, फोन करायची. साध्या फोनवरून आवाज मागच्या खोलीत नीट पोचायचा, पण चेहरा नाही. मोबाइलच्या इंटरनेटचं म्हणाल तर त्या गल्लीत साधा फोटोसुद्धा कपाळापर्यंत उतरून थांबायचा.

"बाबा, मला आईला बघायचंय," चिमी म्हणाली. "आवाज नको नुसता."

"दोन दिवस दे," लाइनमन म्हणाला. "वायरीचं काम आहे. माझंच काम आहे."

माळ्यावरच्या खोक्यात जुना राउटर होता. तो त्याने पुसला, मधल्या खोलीत कपाटावर ठेवला आणि हॉलमधल्या राउटरला जोडला. दिवे लागले. पण पाच मिनिटांत हॉलमधलं, मधल्या खोलीतलं, सगळ्याच घरातलं इंटरनेट गेलं. समोरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक, गल्लीचा चष्मेवाला, लाइनमनचा जुना दोस्त होता. त्याने भाच्याला फोन करून माहिती काढली आणि स्वतःची असल्यासारखी सांगितली.

"एका घरात दोन कर्ते झालेत," चष्मेवाला म्हणाला. "दोघांनाही वाटतंय की आपणच मालक. दोघंही सगळ्यांना नंबर वाटत सुटलेत. यातल्या एकाला सांग, बाबा रे, तू मोठा नाहीस, तू फक्त निरोप पोचव."

"कसं सांगू?"

"ते भाच्याने सांगितलं नाही. त्याचं ऑफिस सुटलं."

शेवटी एका व्हिडिओत बघून लाइनमनने दुसऱ्या राउटरचा मोठेपणा काढून घेतला. त्याला तीन तास लागले. पण आता वाय-फाय स्वयंपाकघरापर्यंत आलं. मागच्या खोलीसाठी तिसरा राउटर हवा होता. तो चष्मेवाल्याने आणून दिला, दुकानात पडून होता म्हणाला. लाइनमनने तो शिवणाच्या खोलीत, मशीनच्या वरच्या फळीवर ठेवला आणि पलंगाशेजारच्या बोर्डात त्याची पिन खोचली. मधल्या राउटरपासून त्याच्यापर्यंत वायर आणली. आणि इथे त्याला खात्यातली चौतीस वर्षं आठवली.

"वायर एकाच बाजूने असली तर तुटल्यावर पुढचं सगळं बंद पडतं," तो चष्मेवाल्याला म्हणाला. "दोन्ही बाजूंनी जोडावी. गोल करावा." आणि त्याने तिसऱ्या राउटरपासून घराला बाहेरून वळसा घालून दुसरी वायर परत हॉलमधल्या पहिल्या राउटरमध्ये आणून घातली.

तिन्ही राउटरांचे दिवे असे लुकलुकायला लागले, की चष्मेवाल्याने हात जोडले. एकही फोन कशालाच जोडला जाईना. त्या बिचाऱ्या राउटरांनी एकमेकांना पाठवलेला निरोप गोल फिरून पुन्हा त्यांच्याकडेच येत होता आणि ते तो नवा समजून पुन्हा पाठवत होते. हे कळायला एक अख्खा दिवस गेला. परतीची वायर काढली, तशी मंडळी शांत झाली.

मग वायर दारातून आत आणलेली बरी दिसेना, पायात येत होती. लाइनमनने स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडायचं ठरवलं. ड्रिल त्याचं स्वतःचं होतं, भिंत त्याची होती, आणि त्या भिंतीतून वीस वर्षांपूर्वी पाण्याचा पाइप नेला होता तोही त्यानेच. हे तिसरं तेवढं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

पाण्याची धार थेट त्याच्या छातीवर आली. त्याने भोकावर तळहात दाबला, तर ती बोटांच्या फटीतून चार दिशांना गेली. "मेन व्हॉल्व्ह!" तो ओरडला. चष्मेवाला व्हॉल्व्ह शोधायला धावला आणि त्याने विजेचं मेन स्विच बंद केलं. आता अंधारात पाणी.

तेवढ्यात मागच्या खोलीतून एक आवाज आला. लाइनमन दचकला. त्याला वाटलं तिला काही होतंय. भोक सोडून, निथळत तो दाराशी गेला. बायको उशीला टेकून हसत होती. आवाज फारसा फुटत नव्हता, खांदे मात्र हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "नेटवर्क आलं वाटतं."

दीड महिन्यात ती पहिल्यांदा हसली होती. मागे स्वयंपाकघरात पाणी घोटाभर साचत होतं, पण लाइनमन दारातून हलला नाही. ती थांबेल म्हणून त्याने मुद्दाम शर्ट पिळून दाखवला.

पाइप दुरुस्त झाला, भोक जरा बाजूला पडलं आणि पाचव्या दिवशी सकाळी वायर मागच्या खोलीत पोचली. हिरवा दिवा लागला. फोनवर सगळ्या कांड्या भरल्या. लाइनमनने बायकोला फोन दाखवला.

"बघ. पूर्ण."

"वा," बायको म्हणाली. "छान केलंत." आणि ती तोंड वळवून खिडकीकडे बघत राहिली.

चार वाजता चिमीचा व्हिडिओ कॉल आला. लाइनमन विजयी मुद्रेने हॉलमधून निघाला, मधली खोली झाली, स्वयंपाकघर झालं, आणि मागच्या खोलीच्या दारात पांढरं चाक फिरायला लागलं. तिसऱ्या राउटरचा दिवा गेला होता. बायकोचा डोळा लागला होता. तिला जाग येऊ नये म्हणून तो पाय न वाजवता परत फिरला. पाच वाजता येऊन बघतो तर दिवा चालू.

दुसऱ्या दिवशीही तेच. दिवसभर झकास, चारला बंद, मग साध्या फोनवर नुसता आवाज. तिसऱ्या दिवशीही.

"तापत असेल," चष्मेवाला म्हणाला. "चारपर्यंत ऊन मागच्या भिंतीवर येतं ना." म्हणून राउटरला टेबलफॅन लावला. तरी बंद. मग चष्मेवाल्याच्या भाच्याने कळवलं की फ्रिजसारखी लोखंडी वस्तू मध्ये असली तर अडथळा होतो. दोघांनी मिळून फ्रिज ओढला आणि स्वयंपाकघराच्या मध्यावर आणून ठेवला. आता ओट्याकडे जायचं तर फ्रिजला प्रदक्षिणा घालावी लागायची. तरी बंद. मग लाइनमनने फळीमागे एक पाल पाहिली. ती चार वाजता बोर्डावर उतरत असावी आणि तिच्या वजनाने बटण पडत असावं, असं त्याने अनुमान काढलं.

"पालीचं वजन किती असतं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"बटण सैल आहे."

"आणि ती रोज चारलाच उतरते?"

"पाली वेळेच्या पक्क्या असतात," लाइनमन म्हणाला. पण बोलताना त्याला स्वतःलाच पटलं नाही.

फोनवर चिमीचा आवाज दिवसेंदिवस बदलत चालला होता. आधी ती हसायची. मग 'बरं' म्हणायची. आता ती नुसती ऐकायची.

"बाबा, एक फोटो तरी काढून पाठवा. जाईल तेव्हा जाईल."

लाइनमनने फोन उचलून नेम धरला, तर बायकोने चादर नाकापर्यंत ओढली. "काहीतरीच. मी काय नवरी आहे?"

दिवा जायला लागल्याच्या सहाव्या दिवशी लाइनमनने खात्यात करायचा तेच केलं. लाइन रोज एकाच वेळी जात असेल तर त्या वेळी त्या जागी जाऊन उभं राहायचं. चारला दहा कमी असताना तो मागच्या अंगणात गेला आणि दोरीवरचे कपडे काढायच्या निमित्ताने खिडकीबाहेर उभा राहिला. खिडकीतून फळी दिसत होती, हिरवा दिवा दिसत होता, पाल दिसत नव्हती.

चारला पाच कमी असताना पलंगावरून एक लांब लाकडी पट्टी वर आली. बायकोची कापड मोजायची पट्टी. ती हवेत थरथरली, बोर्डाकडे गेली, भिंतीवर आपटली. मागे आली. पुन्हा गेली, पुन्हा चुकली. थोडा वेळ ती चादरीवर नुसती पडून राहिली, दम खात असल्यासारखी. तिसऱ्या वेळी ती बरोबर बटणावर बसली. दिवा गेला. पट्टी चादरीत शिरली आणि बायकोने डोळे मिटून घेतले.

लाइनमनच्या मनात पहिल्यांदा आलं ते, फॉल्ट सापडला. एवढ्या वर्षांची सवय. ओलसर टॉवेल हातात तसाच धरून तो घराला वळसा घालून आत आला आणि पलंगाच्या कडेला बसला.

"ती पट्टी दे इकडे."

"कुठली?" बायकोने डोळे न उघडता विचारलं.

"चादरीतली."

मग हळूच पट्टीचं टोक बाहेर आलं.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज."

"म्हणजे पाल..."

"पालीने काही केलेलं नाही हो."

"आणि मी फ्रिज हलवला, ते बघत होतीस?"

"मला वाटलं, हलवताय तर हलवा. तुम्ही दोघं 'जोर लगा' म्हणत होतात. मला मजा वाटली." तिने डोळे उघडले. "रागावलात?"

"का पण? तिला तुला बघायचंय."

बायकोने डोक्याचा रुमाल दोन्ही हातांनी नीट केला. रुमालाखाली आता केस नव्हते. मनगटं एवढीशी झाली होती.

"ती मला बघेल आणि ते कागद टाकून विमानात बसेल," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही का ती? सहा वर्षं घातलीत पोरीने. तिथे राहायला जागा नव्हती तेव्हा कुणाच्या स्वयंपाकघरात झोपलीय. माझ्यामुळे ते वाया जायला नको. आवाज काय, आवाज मला जमतो अजून. साडेतीनला गरम पाणी पिते, जरा पडून राहते, की चारला अर्धा तास पुरतो. चेहऱ्याचं तसं नाही ना. चेहऱ्याला काय पाजू?"

लाइनमनने टॉवेलची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"मला सांगायचं होतंस. मी एवढं खणलं नसतं."

"म्हणून तर नाही सांगितलं. तुम्ही काम थांबवलं असतं आणि दिवसभर इथे बसून माझ्याकडे बघत राहिला असतात. आधी बसायचात तसे." तिने पट्टी त्याच्या मांडीवर ठेवली. "वायरी ओढताना बरे दिसता तुम्ही."

बाहेर फोन वाजायला लागला. लाइनमन उठला. दारापर्यंत गेला, परत आला आणि पट्टी तिच्या हाताशी नीट ठेवून गेला.

"नाही जमत गं," त्याने चिमीला सांगितलं. "भिंती जाड आहेत. खूप बघितलं."

मग चिमी म्हणाली, "मी कंपनीत तक्रार केलीय, बाबा. परवा त्यांचा माणूस येईल. चारच्या आत यायला सांगितलंय."

माणूस आला तो म्हणजे एक चाळिशीच्या बाई होत्या. खांद्याला अवजारांची बॅग, गुडघ्याला पट्टा. त्यांनी हॉलमधला राउटर बघितला, मधला बघितला, वायरीवरून बोट फिरवत फ्रिजला वळसा घातला आणि मागच्या खोलीत आल्या.

"हे कोणी केलंय?"

"मी," लाइनमन म्हणाला.

"चांगलं केलंय, काका. आमच्या माणसांनाही असं जमत नाही. वायरीला कुठे वाक नाही, ताण नाही." त्यांनी बोर्डाकडे बघितलं. "फक्त बटण बंद आहे."

त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. लाइनमनने पुढे होऊन बटण बंद केलं.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा चालू केलं. लाइनमनने पुन्हा बंद केलं.

"काका, शॉक लागतोय का यात?"

"जरा बाहेर या," लाइनमन म्हणाला.

हॉलमध्ये त्याने त्यांना हलक्या आवाजात सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या, पण त्यांची मान नकारार्थी हलत होती.

"काका, मी अकरा वर्षं हे काम करतेय. 'होत नाही' असं एकाही कागदावर लिहिलेलं नाही. आणि तुमचं तर झालेलं आहे! झालेल्या कामावर मी 'होत नाही' कसं लिहू?"

"मीही कधी लिहिलं नाही," लाइनमन म्हणाला. "चौतीस वर्षं. मला माहीत आहे मी काय मागतोय ते."

बाईंनी मागच्या खोलीच्या दिशेने बघितलं. इतक्या लांबून पलंगाचा पायथा आणि चादरीतले दोन पाय तेवढे दिसत होते. त्यांनी बॅगेतून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं: भिंती जाड. पुढे काही क्षण विचार करून त्यांनी 'फारच' हा शब्द घातला.

तेवढ्यात चार वाजले आणि फोन आला. "कंपनीचा माणूस आलाय ना? स्पीकरवर टाका," चिमी म्हणाली.

बाईंनी घसा साफ केला. "मॅडम, तुमच्या घराच्या भिंती फारच जाड आहेत."

"किती?"

बाईंनी लाइनमनकडे बघितलं. त्याने दोन बोटं दाखवली, मग धीर सुटून तिसरंही उघडलं.

"तीन फूट."

"तीन फूट? ते घर आहे की धरण? मी त्या घरात वाढलेय." चिमीला प्रयोगशाळेत रोज मोजमापंच करायची सवय होती. "वायर टाकली की भिंतीचा प्रश्न येतोच कुठे?"

"वायर आहे ना मॅडम, पण..." बाईंना खोटं बोलायचा सराव नव्हता. "दमट आहे."

"काय दमट आहे?"

"वायर."

"माझ्यामुळे झालंय," लाइनमन मध्येच म्हणाला. बाईंची तगमग त्याला बघवेना. "मी वायर चुकीची टाकली, चिमे. आतून तुटलीय. आता ती निघत नाही."

मग चिमीचा आवाज चढला, इतका की स्पीकर थरथरला.

"बाबा, आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडल्यात. पुरात जोडल्यात, वादळात जोडल्यात, आमच्या शाळेच्या गॅदरिंगला कधी आला नाहीत का तर कुणाची तरी लाइन बंद होती. आणि आईची एक लाइन तुम्हाला जोडता येत नाही? चार खोल्यांची? येत नसेल काम तर सांगा ना येत नाही म्हणून! का मला तिला दाखवायचंच नाहीये तुम्हाला?"

लाइनमन फोनसमोर उभा होता आणि मान डोलवत होता, जसं काही ती समोर बसली आहे. "खरंय," तो म्हणाला. "येत नाही आता. वय झालं."

"अहो!"

मागच्या खोलीतून हाक आली. चारही खोल्या ओलांडून येईल एवढा आवाज तिच्यात उरलाय, हे लाइनमनला माहीत नव्हतं.

"अहो, आणा तो फोन इकडे."

तो फोन उचलून धावत गेला. बायको कोपरांवर उठायचा प्रयत्न करत होती. बाईंनी मागून येऊन तिच्या पाठीला उशी दिली.

"तू झोप," लाइनमन म्हणाला. "बोलू दे तिला. मला काही होत नाही."

"मला होतं," बायको म्हणाली. ती धापा टाकत होती. "तुम्हाला वायर येत नाही असं कोणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. पोटची पोर असली तरी. बटण दाबा."

"अगं, पण ते कागद..."

"दाबा."

लाइनमनने बटण दाबलं. दिवा आधी लाल झाला, मग पिवळा, मग हिरवा. बायकोने रुमाल कपाळावर जरा खाली ओढला, चादरीत हात लपवले, परत बाहेर काढले. लाइनमनने व्हिडिओ लावला आणि फोन मशीनला टेकवून तिच्यासमोर ठेवला.

चिमी आली. एकदम स्पष्ट, कानातल्या खड्यासकट. तोंड अर्धवट उघडं, एक हात केसांत. आणि तशीच राहिली. पापणी हलली नाही, हात खाली आला नाही.

"अडकलं!" लाइनमन म्हणाला आणि पळाला. फ्रिजला धडकून मधल्या खोलीत गेला, कपाटावरचा राउटर बघितला. हिरवा. हॉलमध्ये गेला. हिरवा. सगळे हिरवे. त्याचा विश्वास बसेना. नेमकं आज, नेमकं आत्ता. "थांबा, मी काढून परत लावतो!" तो हॉलमधून ओरडला.

मागच्या खोलीत कंपनीच्या बाईंनी वाकून फोनकडे बघितलं. चिमीच्या मागे एक खिडकी होती. खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता, आणि त्याच्याही मागे रस्त्यावरून एक सायकलवाला हळूहळू गेला.

"काकी," त्या हलकेच म्हणाल्या, "नाही अडकलेलं."

"माहीत आहे," बायको म्हणाली.

ती पडद्याकडे बघत होती आणि पडद्यातून चिमी तिच्याकडे. हॉलमध्ये काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज झाला.

"चिमे," बायको म्हणाली, "बोल गं काहीतरी. बाबा सगळं उपटायला निघालेत तिकडे."

"आता?" हॉलमधून लाइनमनची हाक आली. "आता दिसतंय का?"

केसांतला हात सावकाश खाली आला. चिमीने तो तोंडावर धरला, मग काढला.

"आई," ती म्हणाली, "बाबांना सांग, दिसतंय. सगळं नीट दिसतंय."